एकच तक्रार, दोन पत्ते: वजनकाट्यापासून लिनक्स कर्नलच्या मेंटेनरपर्यंत

दिंडोरी तालुक्यातल्या एका द्राक्ष पॅकहाऊसमधले वजनकाटे पीसीला जोडायचं काम नोव्हेंबर २०२४ च्या मध्यात माझ्याकडे आलं. नाशिक पट्ट्यात जानेवारीपासून निर्यातीच्या पेट्या भरायला लागतात, त्यामुळे डिसेंबरअखेर सगळं चालू हवं होतं. पीसीवर उबुंटू २२.०४ ही लिनक्स प्रणाली आणि तिचा गाभा म्हणजे ६.८ चा कर्नल. काट्यावर पेटी ठेवली की वजन सिरियल पोर्टवरून पीसीवर यावं आणि लेबल छापलं जावं, एवढीच गरज. सुपरवायझरची तक्रार एका ओळीची होती: "सर, काट्यावर वजन दिसतंय, पण पीसीवर काहीच येत नाही."

काटे दोन तऱ्हेचे होते. जुन्या काट्यांना नऊ पिनांचा आरएस-२३२ पोर्ट आणि त्याला बाजारातून आणलेली, सीएच३४० चिप असलेली यूएसबी केबल. नव्या काट्यांना थेट यूएसबी. लक्षण दोन्हीकडे सारखंच: टीटीवाययूएसबी० नावाचा पोर्ट वापरायला मिळतच नाही. पण पहिल्याचं कारण एका पॅकेजच्या नियमात होतं आणि दुसऱ्याचं कर्नलच्या ड्रायव्हरमध्ये, म्हणजे उपकरण चालवणाऱ्या कोडमध्ये, नसलेल्या एका ओळीत. दोन्ही तक्रारी एकाच ठिकाणी धाडल्या तर त्यातली एक नक्कीच वाया जाते.

सातपूर-अंबडच्या कारखान्यांत आणि इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजांत बग सापडलेली माणसं खूप भेटतात. काहींनी कोडमध्ये दुरुस्तीही करून ठेवलेली असते. "पण पाठवू कुणाला?" इथे येऊन काम अडतं. दुरुस्ती त्यांच्याच लॅपटॉपवर राहते, पुढच्या अपडेटला पुसली जाते आणि तीच मेहनत पुन्हा करावी लागते. ते अडणं सुटावं म्हणून हे सगळं घडलं त्या क्रमाने लिहितो आहे.

तक्रार कुणाची, हे आधी ठरवणं

केबल लावायच्या आधी एका टर्मिनलमध्ये 'सुडो डीमेसेज -डब्ल्यू' चालू करून ठेवायचं आणि मग केबल लावायची. कर्नल त्या क्षणी काय बोलतो ते ओळीओळीने दिसतं. दुसऱ्या टर्मिनलमध्ये एलएसयूएसबी, म्हणजे जोडलेल्या यूएसबी उपकरणांची यादी. या दोन कमांडांवरून पत्ता निम्म्याहून अधिक ठरतो.

एलएसयूएसबीच्या यादीत उपकरण येतच नसेल तर बिघाड केबलचा, पोर्टचा किंवा विजेचा. मोबाईलच्या चार्जिंगपुरत्या काही केबलींमध्ये डेटाच्या तारा नसतात, तेही तपासा. यादीत उपकरण आहे, पण डीमेसेजमध्ये कुठल्याच ड्रायव्हरचं नाव येत नाही, म्हणजे त्या आयडीचं (ओळख-क्रमांकाचं) उपकरण कर्नलला ओळखीचं नाही. ड्रायव्हर जोडला जातो आणि लगेच सुटतो, म्हणजे दुसऱ्या कुणीतरी पोर्ट ताब्यात घेतला. आणि पोर्ट तयार आहे, पण उघडताना परवानगी नाकारली जाते, तर वापरकर्ता 'डायलआउट' गटात नाही. गटात नाव घाला, लॉगआउट करून पुन्हा लॉगिन करा. हा कुणाचाच बग नाही, आणि तरीही अशा तक्रारी रोज कुठल्या ना कुठल्या प्रकल्पाच्या दारात येऊन पडतात.

जुन्या काट्याच्या केबलीचं डीमेसेज असं बोललं: सीएच३४१ ड्रायव्हर (सीएच३४० चिपही हाच चालवतो) टीटीवाययूएसबी० ला जोडला गेला, आणि पाठोपाठ आणखी एक ओळ आली. तिचा अर्थ असा की इंटरफेस शून्य सीएच३४१ कडे असताना 'बीआरएलटीटीवाय' नावाचा प्रोग्राम त्याचं कॉन्फिगरेशन बदलतो आहे. त्यानंतर ड्रायव्हर सुटल्याची ओळ. कर्नलने स्वतःच नाव घेऊन सांगितलं की हे कुणी केलं. ही ओळ न वाचता 'लिनक्समध्ये सीएच३४० चालत नाही' असं लिहून कर्नलच्या लोकांकडे पाठवलं तर पाठवणाऱ्याचा वेळ जातो, त्यांचाही.

बीआरएलटीटीवाय हा अंध व्यक्तींसाठीचा प्रोग्राम आहे. टर्मिनलवरचा मजकूर तो ब्रेल डिस्प्लेवर दाखवतो. काही ब्रेल डिस्प्लेंमध्येही हीच सर्वसाधारण सिरियल चिप असते, १ए८६:७५२३ या कारखान्यातल्याच आयडीसह. त्यामुळे उबुंटू २२.०४ मधला यूडेव्हचा, म्हणजे उपकरण लागल्यावर काय करायचं ते ठरवणाऱ्या सेवेचा, नियम तो आयडी दिसला की ब्रेल डिस्प्ले आला असं समजून प्रोग्राम सुरू करतो. आपली केबल त्यात सापडते.

नियमाची फाइल कोणत्या पॅकेजची आहे हे 'डीपीकेजी -एस' आणि फाइलचा पूर्ण पत्ता दिला की कळतं. 'एपीटी-कॅश पॉलिसी' आणि पॅकेजचं नाव दिलं की नेमकी आवृत्ती मिळते. म्हणजे तक्रारीचा पत्ता ठरला: कर्नल नव्हे, उबुंटूचं हे पॅकेज, आणि जागा लाँचपॅड, म्हणजे उबुंटूचे बग नोंदवायची वेबसाइट. नवी तक्रार लिहिण्याआधी पॅकेजच्या पानावर शोधलं तर हीच तक्रार आधीपासून नोंदलेली होती. अशा वेळी दुसरी उघडायची नाही. 'मलाही हा त्रास आहे' ही खूण करायची, आणि आपल्याकडे नवी माहिती असेल तरच लिहायची: आवृत्ती, एलएसयूएसबीमधला आयडी, डीमेसेजच्या चार-पाच ओळी. तक्रार आधी नोंदलेली नसेल तर 'उबुंटू-बग' आणि पॅकेजचं नाव अशी कमांड द्या. यंत्राची माहिती ती आपोआप गोळा करते. लाँचपॅडवरचं खातं फुकट आहे.

तोवर काम चालू करायला इंटरनेटवर सगळीकडे एकच सल्ला मिळतो: पॅकेज काढून टाका. पॅकहाऊसच्या पीसीला ब्रेल डिस्प्ले कधीच जोडला जाणार नाही, तिथे ते चालेल. पण कॉलेजच्या लॅबमध्ये किंवा ग्रंथालयात हा सल्ला देऊ नका. एखाद्या विद्यार्थ्याचं संगणक वापरणं त्यावर अवलंबून असू शकतं. तिथे तीच नियमांची फाइल त्याच नावाने 'ईटीसी'खालच्या 'यूडेव्ह/रूल्स.डी' फोल्डरमध्ये उतरवून घ्या, त्यात १ए८६:७५२३ ची ओळ कॉमेंट करा आणि 'यूडेव्हएडीएम कंट्रोल --रीलोड' चालवा. ईटीसीमधली फाइल मूळ फाइलीच्या वरचढ ठरते आणि पॅकेज अपडेट झालं तरी टिकते.

दुसरा काटा

नव्या काट्याचं उत्तर वेगळं होतं. एलएसयूएसबीमध्ये व्हेंडर आयडी १०सी४, म्हणजे सिलिकॉन लॅब्ज. डीमेसेजमध्ये उत्पादकाचं आणि मॉडेलचं नाव दिसत होतं, पण ड्रायव्हर लागल्याची खूण नव्हती. सिलिकॉन लॅब्जच्या सीपी२१०२ चिपचा मूळ प्रॉडक्ट आयडी ईए६० असतो आणि कर्नलचा सीपी२१०एक्स ड्रायव्हर तो ओळखतो. उपकरण बनवणारे मात्र चिपमध्ये स्वतःसाठी घेतलेला वेगळा प्रॉडक्ट आयडी भरू शकतात. तो ड्रायव्हरच्या यादीत नसेल तर चिप तीच असूनही कर्नल तिला हात लावत नाही.

ही फक्त शंका असते, ती पडताळून घ्यायची. आयडी जोडायचा पॅच (कोडमधल्या बदलाची फाइल) पाठवण्याआधी ड्रायव्हर त्या उपकरणावर खरोखर चालतो हे दाखवता आलं पाहिजे, आणि त्यासाठी काहीही कंपाइल करावं लागत नाही. 'मॉडप्रोब सीपी२१०एक्स' करून ड्रायव्हर चढवायचा. मग 'सिस/बस/यूएसबी-सिरियल/ड्रायव्हर्स/सीपी२१०एक्स' या फोल्डरमधल्या 'न्यू_आयडी' फाइलमध्ये रूट (प्रशासक) म्हणून व्हेंडर आयडी आणि प्रॉडक्ट आयडी मध्ये एक जागा सोडून लिहायचे. लगेच टीटीवाययूएसबी० उगवला. नंतर काट्याच्या पुस्तिकेत दिलेला बॉड रेट (पोर्टचा वेग) लावून पोर्ट वाचला. ९६०० वर वजनाचे आकडे स्वच्छ येऊ लागले. काट्यावर पाच किलोचं वजन ठेवलं की पडद्यावर ५.००० उमटत होतं.

इथे एक इशारा. चिप पाहण्यासाठी काटा उघडू नका. व्यापारी वापराच्या काट्यावर वैधमापन विभागाचं सील असतं, ते तुटलं की काटा पुन्हा मुद्रांकित करून घ्यावा लागतो आणि हंगामात ते परवडत नाही. विक्रेत्याकडे दुरुस्तीसाठी ठेवलेला सुटा बोर्ड असतो, तो बघायला मागा. पाच मिलिमीटरच्या त्या चौकोनी चिपवर भिंगातून नाव वाचता येतं. मोबाईलच्या कॅमेऱ्याने फोटो काढून मोठा केला तरी चालतं.

मेंटेनर्स नावाची फाइल

लिनक्स कर्नलच्या सोर्सच्या अगदी वरच्या फोल्डरमध्ये 'मेंटेनर्स' नावाची एक साधी मजकुराची फाइल आहे. वीस हजारांहून जास्त ओळी. कर्नलचा कुठला भाग कोण सांभाळतं, हे सगळं त्यात लिहिलेलं आहे. ज्या प्रश्नावर आपली माणसं अडतात त्याचं उत्तर प्रकल्पाने स्वतःच लिहून ठेवलंय, हे कळलं की निम्मी भीती जाते.

प्रत्येक नोंदीत एकेका अक्षराने सुरू होणाऱ्या ओळी असतात. एम म्हणजे मेंटेनर, पॅच स्वीकारणारी व्यक्ती. आर म्हणजे तपासणारे, ज्यांना प्रत जायला हवी. एल म्हणजे त्या भागाचा चर्चेचा मेल-पत्ता. एफ म्हणजे कोणत्या फाइली या नोंदीखाली येतात. टी म्हणजे त्या भागाचं गिट ट्री, म्हणजे गिट या साधनात इतिहासासकट ठेवलेला त्याचा कोड. पॅच त्यावर नीट बसला पाहिजे. बी ओळ असली तर बग कुठे नोंदवायचे ते तिथे लिहिलेलं असतं, आणि ती असेल तर तीच पाळायची. सगळ्यांत दुर्लक्षित ओळ एस, म्हणजे स्थिती. 'सपोर्टेड' लिहिलं असेल तर कुणाला तरी या कामाचा पगार मिळतो. 'मेंटेन्ड' म्हणजे कुणीतरी लक्ष देतं. 'ऑड फिक्सेस' म्हणजे माणूस आहे, पण वेळ फारसा नाही. 'ऑर्फन' म्हणजे वाली नाही. पाठवण्याआधी ही ओळ वाचली तर उत्तराची वाट किती पाहायची याचा अंदाज येतो.

फाइल हाताने धुंडाळायची गरज नाही. 'स्क्रिप्ट्स' फोल्डरमधली 'गेट_मेंटेनर' ही पर्ल स्क्रिप्ट पॅचच्या फाइलवर चालवली की नावं आणि पत्ते छापते. अजून पॅच नसेल तर '-एफ' देऊन सोर्स फाइलचं नाव द्या. सीपी२१०एक्ससाठी तिने यूएसबी सिरियल उपविभागाचे मेंटेनर, संपूर्ण यूएसबी विभागाचे मेंटेनर ग्रेग क्रोह-हार्टमन, यूएसबीच्या चर्चेचा पत्ता आणि कर्नलच्या सर्वसाधारण चर्चेचा पत्ता दाखवला. दोन मेंटेनर दिसतात कारण 'ड्रायव्हर्स/यूएसबी/सिरियल' हा फोल्डर 'ड्रायव्हर्स/यूएसबी'च्या आतच आहे, त्यामुळे दोन्ही नोंदी लागू होतात. पॅच घेणारा सगळ्यांत जवळचा, म्हणजे सिरियलचा मेंटेनर. त्याचा पत्ता 'टू'मध्ये, बाकीचे 'सीसी'मध्ये. लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांना थेट काही पाठवायचं नसतं.

स्क्रिप्टचं एक वळण माहीत असू द्या. एखाद्या फाइलीला नोंदीत मेंटेनर सापडला नाही तर ती गिटच्या इतिहासात डोकावते आणि अलीकडे त्या फाइलीला हात लावलेल्यांची नावं देते. त्यांच्यापुढे 'कमिट साइनर' असं लिहिलेलं असतं; कमिट म्हणजे गिटमध्ये नोंदलेला एक बदल. त्यातल्या कुणी वर्षापूर्वी फक्त स्पेलिंग सुधारलेलं असतं. अशांना सरसकट पत्र पाठवू नका. 'गिट ब्लेम' लावून नेमकी ती ओळ कुणी लिहिली ते पाहा, आणि वरच्या फोल्डरचा मेंटेनर शोधा. कर्नलचा सोर्स क्लोन करताना, म्हणजे उतरवून घेताना, '--डेप्थ १' दिलं तर डाउनलोड खूप कमी होतं, पण इतिहास येत नाही, आणि मग ब्लेम व स्क्रिप्टचा हा भाग दोन्ही निकामी होतात. पूर्ण क्लोन काही जीबींचा आहे. दिंडोरीतल्या मोबाईल डेटावर ते उतरवत बसण्यापेक्षा शहरातल्या ब्रॉडबँडवर रात्री लावून ठेवा.

बग नोंदवायला कर्नलची बगझिला ही वेबसाइट आहे, पण बरेचसे मेंटेनर तिकडे बघत नाहीत. तिथे नोंदवून गप्प बसलं तर तक्रार तशीच पडून राहू शकते. मेलच पाठवायची. आणि बग मूळ, ताज्या कर्नलवर दिसतो का हे आधी तपासायचं, कारण उबुंटूचा कर्नल उबुंटूने बदललेला असतो. 'प्रॉक/सिस/कर्नल/टेंटेड' या फाइलमध्ये शून्य नसेल तर बाहेरचं एखादं मॉड्यूल (कर्नलला जोडला जाणारा कोडचा तुकडा) चढलेलं असण्याची शक्यता असते, आणि पहिला प्रश्न त्यावरच येतो.

पॅच तयार करणं

बदल एका ओळीचा. ड्रायव्हरमधल्या आयडींच्या तक्त्यात नवी जोडी, शेजारी कॉमेंटमध्ये उपकरणाचं नाव. तक्ता आयडीच्या चढत्या क्रमाने आहे, ओळ तिच्या जागीच घालायची.

मग 'गिट लॉग --वनलाइन' त्या फाइलीवर चालवून आधीच्या लोकांनी शीर्षक कसं दिलंय ते पाहायचं. इथे प्रत्येक शीर्षक 'यूएसबी: सिरियल: सीपी२१०एक्स:' असं सुरू होतं. मेंटेनरला रोज ढीगभर मेल येतात, या उपसर्गावरून तो आपलं काम वेगळं काढतो. शीर्षक आपल्या मनाने दिलं तर पत्ता बरोबर असूनही पत्र नजरेतून सुटतं.

कमिट मेसेजमध्ये तीन गोष्टी: उपकरण काय आहे, चिप कोणती, आणि कशावरून चालतं म्हणता. यूएसबी सिरियलमध्ये नवा आयडी जोडताना उपकरणाची माहिती दिली तर विचारणा टळते, म्हणून एलएसयूएसबीमधला संबंधित भागही दिला. ओळी ७५ अक्षरांच्या आत मोडायच्या. शेवटी 'साइन्ड-ऑफ-बाय', 'गिट कमिट -एस' दिलं की ते आपोआप येतं. ही सही म्हणजे हा कोड द्यायचा मला हक्क आहे अशी हमी असते. नोकरीच्या वेळेत, कंपनीच्या यंत्रावर केलेलं काम असेल तर आधी साहेबांची लेखी परवानगी घ्या. निनावी पाठवलेलं चालत नाही.

एखाद्या जुन्या कमिटमुळे बिघडलेलं दुरुस्त करत असाल तर 'फिक्सेस' ओळीत त्या कमिटच्या हॅशची (त्याच्या सांकेतिक ओळख-क्रमांकाची) किमान पहिली १२ अक्षरं आणि त्याचं शीर्षक द्यायचं. नव्या आयडीसाठी ती लागत नाही. जुन्या स्थिर कर्नलांमध्येही बदल जायला हवा असेल तर 'सीसी: स्टेबल' ही ओळ सहीच्या भागात लिहायची. स्थिर कर्नलच्या नियमांत उपकरणाचा आयडी जोडण्याला स्पष्ट मुभा आहे, ही आपल्यासारख्यांसाठी मोठी सोय.

पॅचच्या मांडणीतल्या चुका दाखवणारी 'चेकपॅच' स्क्रिप्ट चालवली. मॉड्यूल कंपाइल करून चढवून पाहिलं. सिक्युअर बूट चालू असेल तर सही नसलेलं मॉड्यूल कर्नल नाकारतो, 'की रिजेक्टेड' असा संदेश येतो. तो पॅचचा दोष नव्हे. चाचणीपुरतं बायोसमध्ये सिक्युअर बूट बंद करा किंवा स्वतःची की नोंदवा.

मेल

कर्नलचा पॅच मेलच्या अंगातच, साध्या मजकुरात जातो. जोडपत्र नाही, एचटीएमएल नाही. एचटीएमएल असलेली मेल कर्नलच्या चर्चेचे सर्व्हर परत फिरवतात. ब्राउझरमधून कॉपी-पेस्ट केलं तर टॅबच्या जागी स्पेस येतात आणि पॅच लागत नाही. ऑफिसच्या मेलखाली 'हा मजकूर गोपनीय आहे' अशी आपोआप येणारी पट्टी असते; गोपनीय म्हणून पाठवलेला कोड उघड प्रकल्पात घ्यायला मेंटेनर तयार होत नाहीत. त्यामुळे स्वतःचं वैयक्तिक खातं वापरा.

'गिट-ईमेल' पॅकेज टाकलं. जीमेलसाठी दोन टप्प्यांची पडताळणी चालू करून सोळा अक्षरांचा ॲप पासवर्ड घ्यावा लागतो, नेहमीचा पासवर्ड चालत नाही. सर्व्हर एसएमटीपी जीमेलचा, पोर्ट ५८७, एन्क्रिप्शन टीएलएस. काही ऑफिसांच्या आणि कॉलेजांच्या नेटवर्कवर ५८७ बंद असतो. मोबाईलचा हॉटस्पॉट लावून पाहा, किंवा बी४ हे साधन वापरा. बी४ मध्ये एसएमटीपीशिवाय, वेबच्या वाटेने पॅच पाठवायची सोय आहे आणि 'टू', 'सीसी'ही ते स्वतः भरतं.

पहिल्यांदा पाठवणाऱ्याने ही एक गोष्ट टाळू नये: पॅच आधी स्वतःलाच पाठवा. आलेली मेल फाइल म्हणून साठवा आणि स्वच्छ ट्रीवर 'गिट एएम'ने लावून पाहा. तिथे लागला तर मेंटेनरकडेही लागेल. मग '--ड्राय-रन' देऊन पत्ते पुन्हा एकदा वाचा आणि पाठवा. काही मिनिटांत ती मेल लोर या कर्नलच्या सार्वजनिक मेल-संग्रहात दिसायला हवी. दिसली नाही तर वाट न पाहता स्पॅम, बाऊन्स आणि एचटीएमएल तपासा. सदस्य व्हावं लागत नाही, फी नाही. या सगळ्याला लागलेला पैसा म्हणजे इंटरनेटचं नेहमीचं बिल.

पाठवायचा मुहूर्त मात्र पाहिला. ६.१२ कर्नल १७ नोव्हेंबर २०२४ ला बाहेर पडला आणि त्यानंतरचे दोन आठवडे मर्ज विंडोचे होते. या काळात मेंटेनर आपापलं साठलेलं काम वर पाठवण्यात गुंतलेले असतात. ६.१३ चा आरसी१, म्हणजे पहिली चाचणी-आवृत्ती, १ डिसेंबरला आला, त्यावर पॅच पुन्हा बसवला आणि त्यानंतर पाठवला.

थांबण्याचे दिवस

उत्तराला दोन-तीन आठवडे लागणं सर्वसाधारण आहे असं कर्नलचीच कागदपत्रं सांगतात. आठवण करायची तर निदान एक आठवडा जाऊ द्यायचा, आणि ती त्याच धाग्यात, सगळ्यांना दिसेल अशी. मेंटेनरला वेगळं खासगी पत्र लिहू नका, समाजमाध्यमांवर गाठू नका. मनात सारखं येत राहतं की आपल्या इंग्रजीत काही खटकलं असेल, की नाशिकच्या एका काट्यासाठी कोण वेळ देईल. दोन्ही चिंता निराधार आहेत. त्या तक्त्यातल्या कित्येक ओळी अशाच कुणाच्या तरी मीटरसाठी, तपासणी यंत्रासाठी आलेल्या आहेत.

पॅकहाऊसचं काम त्यावर अडून ठेवलं नव्हतं. यूडेव्हचा एक छोटा नियम लिहिला: हा आयडी आला की सीपी२१०एक्स चढव आणि न्यू_आयडीमध्ये जोडी लिही. पेट्या वेळेवर भरायला लागल्या.

तक्रार वेगळ्या जातीची असेल तर वाटही वेगळी. आधी चालत होतं आणि नव्या कर्नलमध्ये बिघडलं, तर त्याला रिग्रेशन म्हणतात आणि त्यासाठी वेगळा पत्ता आहे; तो मेंटेनरच्या जोडीने सीसीमध्ये घालायचा. तिथे कुणालाही टाळता न येणारा पुरावा म्हणजे 'गिट बायसेक्ट'. दर पायरीला संशयित कमिट निम्मे होतात, म्हणून दहा-पंधरा हजार कमिटांमधून दोषी कमिट साधारण चौदा बिल्डमध्ये सापडतो. 'लोकलमॉडकॉन्फिग' वापरून आपल्या यंत्रापुरतेच ड्रायव्हर बांधले तर प्रत्येक बिल्डचा वेळ खूप वाचतो.

सुरक्षेशी संबंधित बग असेल, म्हणजे ज्याचा वापर करून कुणी यंत्रात घुसू शकेल, तर तो उघड चर्चेत अजिबात टाकायचा नाही. कर्नलच्या सुरक्षा पथकाचा वेगळा पत्ता कागदपत्रांत दिलेला आहे. इतर प्रकल्पांत 'सिक्युरिटी' नावाची फाइल शोधा.

गिटहबवरच्या प्रकल्पांत हेच काम 'कोडओनर्स' फाइल करते. ती मुळाशी, 'डॉक्स'मध्ये किंवा 'डॉट-गिटहब' फोल्डरमध्ये असते. एका फाइलीला अनेक ओळी लागू पडत असतील तर शेवटची लागू पडणारी ओळ खरी; कर्नलसारखी दोन्हीकडची नावं येत नाहीत. पुल रिक्वेस्ट (आपला बदल घेण्याची विनंती) ड्राफ्ट असेपर्यंत या मालकांना आपोआप बोलावणं जात नाही, हे माहीत नसल्याने लोक महिनाभर ड्राफ्टवरच वाट पाहतात. कुबरनेटीस या प्रकल्पात बऱ्याच फोल्डरांमध्ये 'ओनर्स' फाइल असते आणि तपासणारे व मंजुरी देणारे यांच्या वेगळ्या याद्या असतात. दोघांचीही मोहोर लागते.

उत्तर आणि पुढचा प्रवास

मेंटेनरचं उत्तर डिसेंबरच्या मध्याला आलं. कॉमेंटमध्ये काट्याचं पूर्ण मॉडेल लिहावं, एवढंच म्हणणं. उत्तर देताना त्यांच्या मजकुराखाली, त्या-त्या ओळीपाशी लिहायचं. वर सगळं लिहून खाली जुनी मेल लटकवायची पद्धत तिकडे चालत नाही. सुधारलेला पॅच 'फॉरमॅट-पॅच -व्ही२'ने बनवला. व्ही१ पेक्षा काय बदललं ते तीन आडव्या रेघांच्या खाली लिहिलं. रेघांखालचा मजकूर कमिटमध्ये जात नाही, फक्त वाचणाऱ्यासाठी असतो. तपासणीत कुणी 'रिव्ह्यूड-बाय' दिलं असेल तर ते व्ही२ मध्ये आठवणीने जोडायचं. त्यानंतर पॅच लावून घेतल्याची एका ओळीची मेल आली.

इथून पुढे आपल्या हातात काही नसतं, पण रस्ता माहीत असला की अस्वस्थता कमी होते. सिरियलच्या ट्रीमधून बदल यूएसबीच्या ट्रीमध्ये, तिथून लिनस यांच्या मुख्य ट्रीमध्ये, मुख्य ट्रीत आल्यावरच स्थिर मालिकांमध्ये, आणि स्थिर मालिकांमधून उबुंटूच्या कर्नलमध्ये. शेवटचा टप्पा सगळ्यांत लांब असतो. उबुंटूला घाई करायची असेल तर लाँचपॅडवर 'लिनक्स' पॅकेजखाली तक्रार नोंदवून मुख्य ट्रीमधल्या कमिटचा हॅश द्या. आयता कमिट हातात असलेली तक्रार हाताळणाऱ्याला सोपी जाते.

आपला बदल आपल्या यंत्रावर पोचला का, हे ओळखायला 'मॉडइन्फो सीपी२१०एक्स' चालवा आणि 'एलियास'च्या ओळींमध्ये आपला प्रॉडक्ट आयडी शोधा. तो दिसला की यूडेव्हचा तात्पुरता नियम काढून टाका, यंत्र एकदा रीबूट करा आणि काटा लावून डीमेसेज पाहा.